भुसावळची लॅब, ३० पीसी आणि एक स्क्रिप्ट: बॅश, अँसिबल की सरळ क्लोन?

तापीकाठ
राम राम मंडळी. भुसावळच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये ३० पीसी आहेत. सगळे आय-३, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. उबुंटू २४.०४ डेस्कटॉप टाकून झालंय. आता प्रत्येकावर गिट, पायथन, नोड, पोस्टग्रेस आणि व्हीएस कोड हवं. नेट ५० एमबीपीएस. लाइट दुपारी कधीही जाते आणि यूपीएस फक्त सर्व्हरच्या मशीनला आहे.

माझं मत: एकच बॅश स्क्रिप्ट लिहावी, गिटमध्ये ठेवावी आणि दर सत्राला चालवावी. दुसरं मत असं की एक पीसी नीट तयार करून क्लोनझिलाने (डिस्कची हुबेहूब प्रत काढणारं साधन) बाकी २९ उतरवावेत. कच्ची स्क्रिप्ट लिहून पाहिली. आधी ॲप्टने (उबुंटूचं पॅकेज बसवणारं साधन) पॅकेजेस, मग बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) पाथची ओळ, शेवटी पोस्टग्रेसमध्ये रोल (डेटाबेसचं खातं) आणि डेटाबेस. पहिल्या वेळी सुरळीत जाते. दुसऱ्यांदा चालवली की "रोल आधीच आहे" म्हणून थांबते, आणि बॅशआरसीत तीच ओळ दोनदा दिसते. तुम्ही कसं कराल?

पांझरा_धुळे
दादा, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांत सगळा प्रश्न आलाय. सेटअपची स्क्रिप्ट पहिल्यांदा चालली याला फारसा अर्थ नाही, ती दुसऱ्यांदा कशी चालते ते बघायचं. लाइट मध्येच जाणाऱ्या ठिकाणी तर दुसरी फेरी नक्की होणार. म्हणून प्रत्येक पायरी "हे कर" अशी न लिहिता "हे असं असू दे" अशी लिहा.

फोल्डर: एमकेडिर नेहमी -पी लावून. असलं तर गप्प बसतं.
लिंक: एलएन ला -एसएफएन. यातला एन विसरलात आणि जुनी लिंक फोल्डरकडे जात असेल, तर नवी लिंक त्या फोल्डरच्या आत तयार होते. हे लवकर लक्षात येत नाही.
बॅशआरसीतली ओळ: आधी ग्रेप -क्यूएक्सएफ ने शोधा, नसेल तरच जोडा. एक्स म्हणजे पूर्ण ओळ जुळली पाहिजे, एफ म्हणजे ओळीतले बिंदू नि कंस साधी अक्षरं म्हणूनच धरायची.
रोल: पीएसक्यूएल ला -टीएसी देऊन पीजी_रोल्स मधून "सिलेक्ट १" विचारा. उत्तर रिकामं आलं तरच क्रिएट रोल.
डेटाबेस: तोच प्रकार पीजी_डेटाबेस वर. काही जण "डू" ब्लॉकमध्ये "इफ नॉट एक्झिस्ट्स" सारखं काही लिहायला जातात, पण क्रिएट डेटाबेस ट्रान्झॅक्शनच्या आत चालतच नाही. तपासणी बाहेर बॅशमध्येच करावी लागते.

जंक्शन_फलाट_३
क्लोन करा. एक दिवसाचं काम आहे.

यावलची_लेक
जंक्शन दादा, क्लोन वेगवान आहे हे कबूल. पण उतरवण्याआधी तीन गोष्टी पुसल्या नाहीत तर लॅबभर गोंधळ होतो.

१. इटीसी मधली मशीन-आयडी फाइल. ३० मशीनवर एकच आयडी गेला की जर्नल लॉगमध्ये सगळी मशीनं एकच वाटतात. सर्व्हर आवृत्तीत सिस्टिमडी-नेटवर्कडी डीएचसीपीला ओळख याच आयडीवरून देतं, त्यामुळे दोन मशीनना एकच आयपी मिळतो आणि दोन्हींचं नेट आळीपाळीने तुटतं. फाइल काढून टाकू नका, शून्य बाइट करा. पुढच्या बूटला नवा आयडी आपोआप बनतो.
२. एसएसएच च्या होस्ट की. सगळीकडे एकच खाजगी की म्हणजे एका मशीनवर रूट मिळालेला मुलगा बाकी २९ चं सोंग घेऊ शकतो. काढून टाका आणि पहिल्या बूटला एसएसएच-कीजेन -ए चालवा.
३. होस्टनेम. इटीसी होस्ट्स मधली १२७.०.१.१ ची ओळही बदलावी लागते. राहिली तर सुडो दर वेळी "होस्ट सापडत नाही" म्हणत रेंगाळतं.

आणि मुख्य अडचण पुढची आहे. सत्राच्या मध्यावर एखादं पॅकेज वाढवायचं झालं तर इमेज पुन्हा ३० वेळा उतरवणार का? इमेजमध्ये नेमकं काय आहे हे सहा महिन्यांनी कोणी सांगू शकत नाही. स्क्रिप्ट वाचता येते.

जंक्शन_फलाट_३
ताई, मशीन-आयडीचा मुद्दा मान्य. मग नुसती उबुंटूची कोरी इमेज क्लोनने आणि त्यावरचं सगळं स्क्रिप्टने, हे जमेल ना?

यावलची_लेक
हो, ती विभागणी चांगली आहे.

मिरचीबाजार
नेटचा हिशेब कोणी मांडला नाही, म्हणून मांडतो. एका मशीनला अपडेटसकट दीड जीबी धरा. ३० मशीन म्हणजे ४५ जीबी. ५० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला सव्वासहा एमबी. म्हणजे ७२०० सेकंद, पूर्ण २ तास, तेही लाइन दुसरं कोणी वापरत नसेल आणि वेग पूर्ण मिळाला तर. तीच ती फाइल ३० वेळा गावाबाहेरून आणण्यात काही अर्थ नाही.

सर्व्हरवर ॲप्ट-कॅशर-एनजी टाका, ते एकदा उतरवलेली पॅकेजेस साठवून सगळ्यांना देतं. पोर्ट ३१४२. क्लायंटवर इटीसी ॲप्ट मधल्या ॲप्ट.कॉन्फ.डी फोल्डरात एक फाइल, तिच्यात ॲक्वायर एचटीटीपी प्रॉक्सी म्हणून सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट. पहिलं मशीन बाहेरून आणतं, बाकीची २९ लॅबच्या स्विचवरून घेतात.

एक मेख आहे. व्हीएस कोडचं भांडार एचटीटीपीएस वर आहे. एचटीटीपीएस साठी वेगळी प्रॉक्सी दिली नसेल तर ॲप्ट तीच एचटीटीपी ची प्रॉक्सी वापरतं, आणि कॅशर मूळ सेटिंगमध्ये असली जोडणी नाकारतो. ४०३ येतो, आणि शोधाशोध मात्र व्हीएस कोडच्या भांडारात सुरू होते. त्याच फाइलमध्ये ॲक्वायर एचटीटीपीएस प्रॉक्सी "डायरेक्ट" अशी दुसरी ओळ घाला. व्हीएस कोडची डेब फाइल एकदाच उतरवून सर्व्हरवरच्या फोल्डरातून वाटा. स्नॅप पॅकेजेस या कॅशमधून जात नाहीत, म्हणून स्नॅपवाली आवृत्ती घेऊ नका.

शेवभाजी
मिरची भाऊ, सर्व्हरच बंद असला तर? मग तीसही मशीनचं ॲप्ट मेलं.

मिरचीबाजार
त्यासाठी प्रॉक्सी-ऑटो-डिटेक्ट आहे. पत्ता थेट लिहिण्याऐवजी एका छोट्या स्क्रिप्टचा पाथ द्यायचा. ती ३१४२ ला एनसी ने हाक मारते. उत्तर आलं तर प्रॉक्सीचा पत्ता छापते, नाही आलं तर "डायरेक्ट". चार ओळींचं काम आहे.

अमळनेरकर
आता लाइटबद्दल. डीपीकेजी (ॲप्टच्या खाली पॅकेज प्रत्यक्ष बसवणारं साधन) मध्यावर असताना लाइट गेली की पुढचा ॲप्ट "डीपीकेजी मध्येच थांबलं होतं" म्हणून नकार देतो. म्हणून स्क्रिप्टची पहिलीच खरी पायरी डीपीकेजी --कॉन्फिगर -ए ठेवा. अर्धवट काही नसेल तर ती काहीच करत नाही, म्हणजे दर वेळी चालवायला हरकत नाही. त्यानंतर ॲप्ट-गेट -एफ इन्स्टॉल.

उतरवलेल्या फाइलींचंही तसंच. फाइल आहे का एवढंच तपासून पुढे गेलात तर अर्धी उतरलेली फाइलही "आहे" ठरते. उतरवताना नावाला .पार्ट लावा, एसएचए-२५६ जुळलं की मगच खऱ्या नावावर एमव्ही करा. एकाच डिस्क विभाजनावर एमव्ही एका झटक्यात होतं, अर्धवट अवस्था उरत नाही. कर्ल ला -एफ हवाच. तो नसेल तर ४०४ चं पान तुमच्या टारबॉलच्या (फाइलींच्या गठ्ठ्याच्या) नावाने जतन होतं आणि कर्ल म्हणतो सगळं ठीक.

आणि कर्ल चं आउटपुट सरळ बॅशमध्ये ओतणं टाळा. जोडणी मध्येच तुटली तर बॅश आलेल्या ओळी तोवर चालवून बसलेलं असतं. शेवटची आलेली ओळ अर्धी असेल तर अर्धीच चालते. "आरएम -आरएफ" च्या पुढचा पाथ अर्ध्यावर कापला गेला तर काय होईल ते डोळ्यांसमोर आणा.

चोपडेकर_आप्पा
हाई गोट खरी शे. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरचं घड्याळ विसरू नका. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला, मेन स्विच दीड-दोन महिने बंद. मशीन सुरू झालं की तारीख सुट्टीच्या आधीची दाखवतं. टाइमसिंकडी (नेटवरून घड्याळ जुळवणारी सेवा) शेवटची वेळ डिस्कवर लिहून ठेवतं म्हणून घड्याळ फार मागे जात नाही, पण दीड महिना मागे राहिलं तरी पुरे. ॲप्ट म्हणतं "रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही". गिट आणि कर्ल प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही म्हणून अडतात. मुलं नेटवाल्याला फोन लावतात, आणि दोष असतो सेलचा.

कॉलेजच्या फायरवॉलवर यूडीपी १२३ बऱ्याचदा बंद असतं, म्हणून बाहेरून वेळ मिळत नाही. तुमच्या सर्व्हरला यूपीएस आहे ना, त्यावर क्रोनी (इतर मशीनना वेळ पुरवू शकणारा प्रोग्रॅम) बसवा आणि टाइमसिंकडी च्या कॉन्फमध्ये त्याचा पत्ता द्या. स्क्रिप्टमध्ये ॲप्टच्या आधी टाइमडेटसीटीएल ने वेळ जुळली का ते तपासा, जुळली नसेल तर तिथेच स्पष्ट संदेश देऊन थांबा.

तापीकाठ
आप्पा, हे डोक्यातच आलं नव्हतं. सेलची यादी करून घेतो. बॅशची सुरुवात कशी करू? सेट -ई पुरेसं आहे का?

पांझरा_धुळे
सेट -ईयूओ पाइपफेल असं पूर्ण लिहा. ई म्हणजे आज्ञा फसली की थांब. यू म्हणजे न भरलेलं चल आलं की थांब. पाइपफेल म्हणजे पाइपच्या साखळीतली कुठलीही कडी फसली तर सगळी साखळी फसली समज. पण ई वर आंधळा भरवसा नको:

ग्रेपला ओळ सापडली नाही तर तो १ परत देतो आणि स्क्रिप्ट काहीही न बोलता मरते. तो नेहमी "इफ" च्या आत ठेवा.
"लोकल" बरोबर त्याच ओळीत आज्ञेचं उत्तर भरलंत तर आज्ञा फसली तरी कळत नाही, कारण परत येतो तो "लोकल" चा शून्य. चल आधी जाहीर करा, पुढच्या ओळीत भरा.
एखादं फंक्शन "इफ" च्या अटीत किंवा "&&" च्या डाव्या बाजूला बोलावलंत तर त्या फंक्शनच्या पोटात ई लागूच होत नाही.

ट्रॅप लावून एरर आल्यावर लाइननंबर छापा. आणि प्रत्येक बदलानंतर शेलचेक (स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं साधन) चालवा. अवतरणचिन्ह राहिलेली चलं तो एससी२०८६ म्हणून दाखवतो, निम्मं दुखणं तिथेच बरं होतं.

यावलची_लेक
पूर्ण स्क्रिप्ट सुडोने चालवू नका, हे जोडते. उबुंटूत सुडोखाली होम म्हणजे रूटचं घर. बॅशआरसीतली ओळ, गिटचं कॉन्फिग, सगळं तिकडे जातं आणि मुलाच्या खात्यात काहीच दिसत नाही. जिथे गरज आहे त्याच ओळीवर सुडो.

ॲप्टने प्रश्न विचारू नये म्हणून डेबियन_फ्रंटएंड=नॉनइंटरॲक्टिव्ह लागतं, पण ते वर एक्स्पोर्ट केलंत तर सुडो ते गाळून टाकतं. सुडो या शब्दाच्या नंतर, ॲप्ट-गेटच्या आधी लिहा. नीडरीस्टार्ट_मोड=ए पण तिथेच, नाहीतर "कोणत्या सेवा पुन्हा सुरू करू" ही खिडकी येते. व्हीएस कोडची नवी डेब "मायक्रोसॉफ्टचं भांडार जोडू का" असं विचारते. उत्तर आधीच डेबकॉन्फ-सेट-सिलेक्शन्सने भरून ठेवा.

बूट झाल्या झाल्या चालवाल तर अनअटेंडेड-अपग्रेड्सने (आपोआप अपडेट करणारी सेवा) ॲप्टचं कुलूप धरलेलं असतं. मुलं कुलपाची फाइल आरएमने काढतात, ते चूक आहे. डीपीकेजी लॉक टाइमआउट ३०० द्या, ॲप्ट ५ मिनिटं शांतपणे थांबतं.

शेवभाजी
एवढं सगळं कशाला, डॉकर आहे ना? सगळं तयार कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं) मिळतं.

मिरचीबाजार
८ जीबीत डॉकर? रॅम खाऊन टाकेल.

अमळनेरकर
मिरची भाऊ, हे विंडोजवरच्या डॉकर डेस्कटॉपबद्दल बरोबर आहे, कारण तिथे खाली पूर्ण व्हर्च्युअल मशीन चालतं. लिनक्सवर कंटेनर म्हणजे त्याच कर्नलवरची प्रोसेस. पोस्टग्रेस थेट चालवा की कंटेनरमध्ये, रॅम जवळपास तेवढीच. जास्त जाते ती डिस्क.

लॅबमध्ये डॉकरची खरी अडचण दुसरी आहे. मुलांना डॉकर गटात घातलं की त्यांना रूट दिल्यासारखंच आहे. कंटेनरमध्ये मूळ डिस्क जोडली की कुठलीही फाइल हातात. आणि कंटेनरने बाहेरच्या फोल्डरात लिहिलेल्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात, मुलाला त्या खोडता येत नाहीत. वापरायचंच तर यूजर आयडी देऊन चालवा. इमेज डॉकर सेव्हने टारमध्ये काढून लॅबच्या स्विचवरून लोड करा, ३० वेळा बाहेरून ओढू नका.

माझं मत: पहिल्या-दुसऱ्या वर्षाला थेट पोस्टग्रेस शिकू दे. अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टला डॉकर.

नवापूर_नाका
थोडं विषयांतर. स्क्रिप्टचे संदेश मराठीत ठेवले तर? "नेट नाही", "डिस्क भरली" असं स्वच्छ मराठीत दिसलं की पहिल्या वर्षाचा मुलगाही कोणाला बोलवायचं ते समजतो.

चोपडेकर_आप्पा
जरूर ठेवा. पण टर्मिनलच्या खिडकीत. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ वाल्या काळ्या कन्सोलवर देवनागरी उमटत नाही, नुसते चौकोन दिसतात. आणि स्क्रिप्ट एखाद्या आज्ञेचं उत्तर वाचून निर्णय घेत असेल तर तेवढ्या आज्ञेपुढे एलसी_ऑल=सी लावा. मशीनची भाषा बदलली की उत्तराचे शब्द बदलतात आणि ग्रेप चुकतो. फाइलींची नावं देवनागरीत ठेवली तर काही बिघडत नाही. बिघडतं ते नावातल्या रिकाम्या जागेने, "माझा प्रकल्प" मधल्या. म्हणून चलाभोवती अवतरणचिन्ह कायम.

नवापूर_नाका
आणि जी मुलं घरी विंडोज वापरतात? स्क्रिप्ट त्यांनाही द्यायची तर?

यावलची_लेक
डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वर तीच स्क्रिप्ट चालते. तीन गोष्टी सांगून ठेवा. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू हवं. प्रोजेक्ट लिनक्सच्या घरात ठेवायचा, एमएनटी सी खाली ठेवला की एनपीएम सीआय रांगत चालतं. आणि विंडोजच्या गिटने ओळींचे शेवट बदलले की "बॅश\आर अशी फाइल नाही" हा विचित्र संदेश येतो. उपाय रिपॉझिटरीत एकदाच: गिटॲट्रिब्यूट्स मध्ये सगळ्या .एसएच फाइलींना इओएल=एलएफ.

मिरचीबाजार
नोड आणि पायथनच्या आवृत्त्यांवर बोलू. २४.०४ च्या भांडारात नोड १८ आहे, आणि त्याची देखभाल एप्रिल २०२५ मध्येच संपली. नोड २२ चा टारबॉल सर्व्हरवर ठेवा, ऑप्टमध्ये उलगडा, यूएसआर लोकल बिन मध्ये लिंक द्या. एनव्हीएम (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) घरच्या लॅपटॉपला छान, पण लॅबमध्ये ते प्रत्येक खात्यात वेगळं बसतं. शिवाय ते बॅशआरसीतून जागं होतं, आणि उबुंटूचं बॅशआरसी नॉन-इंटरॲक्टिव्ह शेल दिसलं की वरच्या वरच परत फिरतं. म्हणून एसएसएच ने पाठवलेल्या आज्ञेला नोड सापडत नाही.

पायथन ३.१२ आहे. पिपने थेट बसवायला गेलात तर "बाहेरून सांभाळलेलं वातावरण" म्हणून नकार येतो. ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस चा पर्याय देऊ नका, प्रोजेक्टनिहाय व्हेन्व (पायथन पॅकेजेसचा वेगळा कप्पा) करा. पिप डाउनलोडने व्हील फाइली (तयार पायथन पॅकेजेस) एकदा सर्व्हरवर घ्या, मग नो-इंडेक्स आणि फाइंड-लिंक्स देऊन तिथूनच बसवा. नेट बंद असलं तरी प्रॅक्टिकल होतं.

जंक्शन_फलाट_३
सगळं ठीक, पण ३० मशीनवर स्क्रिप्ट चालवणार कोण? हाताने?

पांझरा_धुळे
इथे अँसिबल, म्हणजे एका मशीनवरून बाकी सगळ्यांची मांडणी करणारं साधन. समोरच्या मशीनवर फक्त एसएसएच आणि पायथन लागतं, दोन्ही सोपं. मूळ सेटिंगमध्ये ते एका वेळी ५ मशीन घेतं, म्हणजे ३० ला ६ फेऱ्या. कॅश बसवलीय तर फोर्क्स १५ करा. आधी --चेक --डिफ ने काय बदलणार ते पाहून घ्या.

पण आहे ती बॅश स्क्रिप्ट अँसिबलच्या शेल मॉड्यूलमध्ये कोंबू नका. शेल मॉड्यूल दर वेळी "चेंज्ड" सांगतं, मग खरा बदल कुठे झाला ते कळत नाही. ॲप्ट, फाइल, लाइनइनफाइल, पोस्टग्रेसचे मॉड्यूल वापरा. दुसऱ्या फेरीला प्रत्येक मशीनसमोर "चेंज्ड=०" दिसलं पाहिजे. तो शून्य दिसेपर्यंत काम झालं म्हणू नका.

यावलची_लेक
पांझरा दादा, इथे थोडी वेगळी आहे माझी भूमिका. मुलांनी घरी चालवायची ती बॅशच हवी, त्यांना अँसिबल शिकवत बसायचं नाही. दोन वेगळ्या याद्या झाल्या तर महिन्याभरात लॅब आणि घर वेगळं होईल. पॅकेजेसची नावं एका साध्या मजकूर फाइलीत ठेवा, एका ओळीत एक. बॅश आणि अँसिबल दोघांनी तीच वाचावी.

पांझरा_धुळे
हे मान्य. यादी एकच हवी.

अमळनेरकर
त्या वेळी बंद असलेल्या मशीनचं काय? अँसिबल त्यांना "अनरीचेबल" म्हणून सोडून देतं. त्यांच्यासाठी अँसिबल-पुल बसवा आणि सिस्टिमडी टायमरने बूटनंतर १० मिनिटांनी चालवा. मशीन स्वतः रिपॉझिटरी ओढतं आणि स्वतःला सरळ करतं. टायमरला रँडमाइज्ड-डिले द्या. लाइट आली की तीसही मशीन एकदम उठतात आणि एकदमच सर्व्हरवर तुटून पडतात.

तापीकाठ
सगळ्यांचं धरून क्रम असा लावलाय, चूक असेल तर सांगा.

कोरी उबुंटू क्लोनने, मशीन-आयडी आणि एसएसएच की पुसून. सर्व्हरवर क्रोनी, ॲप्ट-कॅशर-एनजी आणि टारबॉल-व्हीलचं फोल्डर. स्क्रिप्ट: घड्याळ, मग डिस्कवर किमान १० जीबी मोकळी आहे का, मग डीपीकेजी --कॉन्फिगर -ए, मग यादीतली पॅकेजेस, नोड, व्हीएस कोड, शेवटी रोल आणि डेटाबेस. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये नाही. .एन्व्ह.एक्झाम्पल रिपॉझिटरीत, खरी .एन्व्ह गिटइग्नोर मध्ये. लॅबला अँसिबल, घरी तीच यादी बॅशने.

चाचणी मल्टिपासवर (उबुंटूचं व्हर्च्युअल मशीन बनवणारं साधन) कोऱ्या २४.०४ मध्ये तीनदा: एकदा पूर्ण, दुसऱ्यांदा पूर्ण, आणि नव्या मशीनवर ॲप्ट चालू असताना मल्टिपासचं मशीन जबरदस्तीने बंद करून पुन्हा.

चोपडेकर_आप्पा
क्रम बरोबर. डेटाबेसच्या पायरीआधी पोर्ट ५४३२ कोणाकडे आहे ते एसएस -एलटीएनपी ने बघा. एखाद्या मशीनवर पोस्टग्रेसची जुनी आवृत्ती आधीच असेल तर नवी आपोआप ५४३३ वर बसते आणि स्क्रिप्ट जुन्यातच रोल बनवते. पीजी_एलएसक्लस्टर्स ने दोन्ही दिसतील.

तापीकाठ
तीन मशीनवर आत्ता बघितलं. क्रमांक ११ वर खरंच पोस्टग्रेसचे दोन क्लस्टर (स्वतंत्र चालणाऱ्या प्रती) आहेत, आवृत्ती १४ आणि १६. जुन्यात कोणाचं काम नाही हे विचारून घेतो, डंप काढतो आणि मग पीजी_ड्रॉपक्लस्टर. ११ ला यादीतून तोवर वगळलंय.